लिंबू-मिरचीची तार आणि पिनेची सुतळी

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या सुरक्षा-तपासणीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही तपासणी ट्रॅक्टरच्या नाकापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. बॉनेटपुढची लिंबू-मिरची दर शनिवारी न चुकता बदलली जाते. किंबहुना उभ्या गाळप हंगामात वेळच्या वेळी बदलला जाणारा तो एकमेव सुटा भाग होय.

ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीची दांडी यांना जोडणारी पिन हा मात्र उपेक्षित विषय आहे. गतिरोधकावर दांडी उसळली की पिनही वर सरकते, म्हणून तिच्या खालच्या टोकाच्या भोकात एक क्लिप अडकवतात. ती नसल्यास मागचा काही टन ऊस स्वतःचा मार्ग निवडण्यास मोकळा होतो. या क्लिपची परंपरा उद्बोधक आहे. मूळ क्लिप पहिल्या काही खेपांतच हरवते, तिच्या जागी बाइंडिंगची तार येते, तार झिजली की सुतळी येते, आणि सुतळीही हाताशी नसल्यास वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याचा, पीळ घातला जातो, जो वाटेत एखादी म्हैस सहज खाऊ शकते. डबल ट्रॉलीस दोन पिना असल्याने हे सर्व दुप्पट होते. पिन निसटलीच तर आधार म्हणून जोडावयाची साखळी गोठ्यात बैलाच्या सेवेत असते. लिंबू-मिरची तेवढी जाड तारेने बांधलेली असल्यामुळे ती सुटल्याचे ऐकिवात नाही. चालकाच्या डोक्यावरचे स्पीकरही नट-बोल्टने पक्के आवळलेले असतात, त्यामुळे मागची ट्रॉली सुटल्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचायची ती दोन गाण्यांमधल्या शांततेतच.

परावर्तक, म्हणजे अंगावर पडलेला प्रकाश आल्या दिशेने परत पाठवणारा लाल पट्टा, यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १०४ क्रमांकाचा स्वतंत्र नियम आहे. हंगामाच्या आरंभी तो समारंभपूर्वक लावला जातो, मात्र भर दुपारी आणि रिकाम्या ट्रॉलीला, कारण छायाचित्र तेव्हाच चांगले येते. संध्याकाळी मागे लोंबणारे ऊस त्यावर असा पडदा टाकतात की, मोटारसायकलस्वारास ट्रॉलीचे प्रथम दर्शन स्पर्शानेच घडते.

प्रवासातील तपासणी ही ट्रॉली बंद पडल्यावर होते. अंधारात, ना दिवा ना खूण, अर्धा रस्ता अडवून ती उभी राहते. चाकांना डोक्याएवढे दगड लावले जातात, मागे बाभळीची एक फांदी टाकली की कर्तव्य संपते. पंक्चर निघाल्यावर ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर वेळेत पोहोचते आणि दगड डांबरावर तसेच राहतात, आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेला कोणी त्यांवर आदळला की दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती त्याच्या वेगाची आणि हेल्मेटची! हे दगड कडेला टाकण्यास ना परवाना लागतो, ना डिझेल. दोन हात पुरतात. पण ते हात त्या वेळी गाण्याचा आवाज वाढवण्यात गुंतलेले असतात.