शंकेखोर गृहस्थांची थोरवी

मे २०२४मध्ये बडोद्याच्या गृहस्थांनी विजेच्या मीटरशी जो सामना दिला, त्याची इतिहासाने म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. अंगाची लाही होत असताना माणसे घरातले एसी बंद करून, हातात जुन्या बिलांची चळत घेऊन वीज कचेरीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आमचे जुने मीटर परत लावा.’ फुकट मिळालेली नवी वस्तू नाकारून जुनी मागण्याइतके वैराग्य व्यापारी प्रांतात सहसा दिसत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले ते उगाच नव्हे. प्रजा शिकली, आणि शंभरावर वर्षांनी तिने लाईट बिलाच्या मागची बारीक अक्षरे वाचायला घेतली.

या गृहस्थांना काही जण अडाणी म्हणतात. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स कळते ते तर फारच म्हणतात. पण मीटरवर शंका घ्यायला जी चिकाटी, जो नेटकेपणा आणि जी फुरसत लागते, ती विश्वास ठेवणाऱ्याला कधी लागली आहे? विश्वास ठेवणारा माणूस पंखा लावून झोपतो. शंका घेणारा रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन जिन्याखाली उकिडवा बसतो. दोघांत कष्टाळू कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

आधी हकीकत. केंद्र सरकारने २०२१ साली वीज वितरण सुधारण्याची एक योजना मंजूर केली. खर्च ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपये, आणि त्यात देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचे. या देशकार्यात आपला खारीचा वाटा उचलावा म्हणून मध्य गुजरात वीज कंपनीने बडोद्याची निवड केली. निवड योग्यच होती. बडोदे हे जुन्या गुजरात वीज मंडळाच्या मुख्यालयाचे गाव. रेसकोर्सवरचे विद्युत भवन इथलेच. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या, तरी आमच्याकडे अजूनही ‘लाईट गेली, जीईबीत फोन लाव’ असेच म्हणतात. पुन्हा, ही कंपनी देशाच्या वार्षिक मानांकनात वरच्या श्रेणीत बसणारी, म्हणजे इथली माणसे बिले वेळेवर भरणारी. जे वेळेवर भरतात त्यांच्याकडून आधीच भरून घ्यावे, हा विचार कुणाच्या डोक्यात आला ते कळत नाही, पण त्याला दाद द्यायला हवी.

योजना अशी होती, की मोबाईलसारखा रिचार्ज मारायचा आणि मग वीज वापरायची. किती वापर झाला ते मीटर स्वतःच कचेरीला कळवणार. रीडिंग घ्यायला माणूस येणार नाही, बिल टाकायला येणार नाही, आणि शिल्लक संपली तर वीज तोडायलाही येणार नाही. ती बसल्या जागेवरून तुटेल. पिढ्यान् पिढ्या दारात येणाऱ्या रीडिंगवाल्याला ‘जरा बरोबर बघा हो’ असे सांगण्याचा हक्क अशा रीतीने एका झटक्यात संपला. अकोटा, गोरवा, सुभानपुरा, फतेहगंज अशा भागांत मिळून सुमारे २५ हजार मीटर बसले आणि लोकांच्या लक्षात आले, की रिचार्ज उन्हाळ्यातल्या लोण्यासारखा वितळतो आहे.

आता जुन्या मीटरची थोरवी सांगितली पाहिजे, कारण त्याच्या गुणांशिवाय नव्याचे अवगुण उमगत नाहीत. काळ्या डब्यात काचेमागे फिरणारी ॲल्युमिनियमची चकती असलेला तो मीटर म्हणजे घरातले एक वडीलधारे माणूस होते. दांडिया बाजारातल्या वाड्यांत जिन्याखाली लाकडी फळीवर असे मीटर ओळीने असत. खंडेनवमीला शिवणयंत्र आणि विळीबरोबर त्यालाही हळदकुंकू लागे. वय झाले की चकतीच्या बेअरिंगमध्ये घर्षण वाढे आणि ती मंदावे. लहानसहान वापराकडे तर ती काणाडोळाच करी. पंधरा वॅटचा दिवा रात्रभर जळला तरी ती जेमतेम हाले. त्याला आपण ‘झिरोचा दिवा’ म्हणत आलो, आणि झिरो म्हणजे बिलही झिरो, असे दोन पिढ्यांनी मनापासून मानले. असा समजूतदार मीटर काढून प्रत्येक वॅट टिपणारा मीटर बसवला, तर घरात नवा मुनीम आल्याची भावना होणारच. जुना मीटर कधी आपल्या बाजूने चुकला म्हणून कुणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. चूक कुणाच्या बाजूची आहे हे पाहूनच तिला चूक म्हणायचे असते.

शंकेची साधना कशी चालते, ते अकोट्याच्या एका सोसायटीत मी डोळ्यांनी पाहिले. तिथल्या एका निवृत्त काकांनी नव्या मीटरची परीक्षा घ्यायचे ठरवले. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा छापलेला असतो. ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. काकांनी घरातली सगळी बटणे बंद केली, काकूंना फ्रिजचा प्लग काढायला लावला, आणि मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ धरून ते मीटरसमोर स्टुलावर बसले. साधारण मिनिटभराने दिवा लुकलुकला. आणखी मिनिटभराने पुन्हा.

‘बघ, बघ! घरात काही चालू नाही आणि हा पळतोय,’ काका म्हणाले.

‘अहो, टीव्हीखालचा डबा चालू आहे, आणि ते वायफायचं पण,’ काकू आतून म्हणाल्या.

‘त्यांना काय वीज लागते?’

लागते. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर यांना मिळून वीसेक वॅट धरले, तरी दिवा तासाला ६४ वेळा लुकलुकतो आणि महिन्याला १४ युनिटांच्या वर जातो. हा हिशेब मी काकांना तिथेच कागदावर करून दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मेन स्विच पाडला. दिवा लुकलुकायचा थांबला. पाच मिनिटे गेली, दहा गेली, मीटर निश्चल. आता तरी खात्री पटली का, असे मी विचारले. काका म्हणाले, ‘आपण बघतोय हे त्याला कळलंय. स्मार्ट आहे ना!’ या उत्तरापुढे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने हात जोडावेत. ज्या शंकेला पुराव्याने धक्का लागतो ती कच्ची शंका.

कंपनीने लोकांना कारणे सांगितली नाहीत असे नाही. पूर्वी बिल दोन महिन्यांनी येई. आता रोज पैसे कापले जाताना दिसतात. जुन्या मीटरवरची बाकीही थोडी थोडी करून त्यातच वळती होते. शिवाय मे महिना, एसी अहोरात्र चालू. कारणे पटण्यासारखी होती, म्हणूनच ती कुणाला पटली नाहीत. साडेतीन हजारांचे बिल दोन महिन्यांनी एकदा आले तर माणूस एकदाच चरफडतो. तेच रोज साठ रुपयांनी कापले गेले तर तो साठ दिवस चरफडतो, आणि साठ दिवस चरफडलेल्या माणसाला बेरीज दुप्पटच वाटते. वीज कंपन्यांत अभियंते पुष्कळ असतात, चरफड मोजणारा मात्र एकही नसतो.

त्यातच गोरवा भागातल्या एका ग्राहकाच्या मोबाईलवर नऊ लाखांहून जास्त रकमेचे बिल झळकल्याची बातमी आली. चूक झाली असे कंपनीने सांगितले आणि प्रकरण मिटले. पण शंकेखोरांना हव्या असलेल्या नैवेद्याचे ताट कंपनीने आपल्या हातांनी वाढले ते वाढलेच. मीटर बिनचूक आहे हे पटवायला हजारो बिनचूक बिले लागतात. चुकतो हे पटवायला एक पुरते. हा व्यवहार अन्यायाचा आहे, पण कंपनीने सून म्हणून संसार केला असता तर तिला तो आधीच ठाऊक असता.

आमचे गृहस्थ या बाबतीत एकटे नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला २००९च्या उन्हाळ्यात हुबेहूब हेच नाटक झाले होते. नवे मीटर, फुगलेली बिले, संतापलेली माणसे. राज्याच्या आयोगाने स्वतंत्र तपासणी करवली. २०१०मध्ये निकाल आला, की मीटर बरोबर आहेत. ऊन जास्त होते, दर वाढले होते आणि कंपनी ग्राहकांशी नीट बोलली नव्हती. शहाण्या लोकांनी हुश्श केले. २०११ साली त्याच कंपनीने कबूल केले, की सुमारे १६०० मीटर उष्णतेत वेगाने पळत होते. लाखो मीटरांत १६०० म्हणजे काहीच नाही, असे संख्याशास्त्र सांगते. पण आपला मीटर त्या १६००मधला नाही, हे संख्याशास्त्र कुणालाही सांगत नाही.

नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाने तर २०१७ साली कमालच केली. तिथल्या संशोधकांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. डिमर लावलेले दिवे जोडल्यावर त्यांतले पाच जास्त मोजू लागले, एक तर ५८२ टक्क्यांपर्यंत. दोघांनी उलट कमी मोजले, पण त्यांच्याविषयी तक्रार करायला कोण जाणार? हे प्रयोगशाळेतले मुद्दाम योजलेले प्रयोग होते, सर्वसाधारण घरातले नव्हते. तरीही ‘मीटर चुकूच शकत नाही’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा देवघरात लावून ठेवावा. आणि घरात काय चालले आहे हे मीटरला कळते, असे काकू म्हणतात तेव्हा हसू नये. विजेच्या चढउतारांवरून घरात कोणते उपकरण कधी चालू झाले ते ओळखण्याची पद्धत एमआयटीच्या जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकात बसवली, आणि तिने घरावर पाळत ठेवता येईल हा इशाराही त्यांनीच १९८९मध्ये लिहून दिला. डच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तर २००९ साली असल्या मीटरची सक्ती खासगीपणाच्या मुद्द्यावर नाकारली. काकूंनी यातले काहीही वाचलेले नाही. त्यांनी थेट अनुमान काढले.

पण शंकेखोरांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे चेक मीटर. लोक ऐकत नाहीत असे पाहून कंपनीने जाहीर केले, की स्मार्ट मीटरच्या जोडीला जुना मीटरही बसवू. दोघांचे आकडे ताडून पाहा. केंद्राच्या नियमांतही फेब्रुवारी २०२४पासून तशी तरतूद आहेच: रीडिंगविषयी तक्रार आली तर पाच दिवसांत जादा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने त्यावरून वापराची खातरजमा करायची. माणसाने यंत्रावर शंका घ्यावी आणि तिच्या निरसनासाठी दुसरे यंत्र आणावे, ते दुसरे यंत्र मात्र ज्याच्यावर शंका आहे त्यानेच आणावे, अशी नितांतसुंदर व्यवस्था न्यायशास्त्रात शोधून सापडणार नाही. शिवाय स्मार्ट मीटरची साक्ष काढायला आणला कोण, तर ज्याला कालपर्यंत जुनाट म्हणून काढून टाकत होते तोच.

सरकारांनीही यथावकाश शहाणपण घेतले. महाराष्ट्रात जून २०२४मध्ये देवेंद्र फडणवीसांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले. गुजरातेतही प्रीपेडचा हट्ट मागे पडला आणि स्मार्ट मीटर आधी वापर, मग बिल या जुन्या रिवाजाने बसू लागले. अभियंत्यांना यात हार दिसते. यंत्र तेच, अचूकता तीच, फक्त पैसे मागायची वेळ बदलली, आणि अर्धी ओरड विरली. म्हणजे भांडण मोजण्याचे फारसे नव्हतेच. कंपनी आधी पैसे मागत होती, कारण तिचा ग्राहकावर भरवसा नव्हता. ग्राहक मीटरला टॉर्च लावत होता, कारण त्याचा कंपनीवर नव्हता. दोघांत फरक इतकाच, की कंपनीच्या अविश्वासाला योजना म्हणत आणि काकांच्या अविश्वासाला अडाणीपणा. वीज कितीही प्रीपेड करा, विश्वास हा माल बडोद्यात आजवर पोस्टपेडच विकला गेला आहे: आधी वापरून पाहणार, महिनाअखेर हिशेब करणार, आणि पटला तरच चुकता करणार.

राहता राहिली काकांची मागणी. चेक मीटर आणि स्मार्ट मीटर यांत एखाद्या टक्क्याचा फरक निघाला, तर तो नियमाप्रमाणे चालतो असे त्यांना सांगण्यात आले. काकांनी रीतसर अर्ज केला आहे: दोघांत खरा कोण ते ठरवण्यासाठी तिसरा मीटर बसवावा, त्याचे भाडे आकारू नये, आणि बसवताना तो चालू असल्याचे पहिल्या दोघांना कळू देऊ नये.