तुरळक ठिकाणी

गुढीपाडव्यास पंचांगाचे पूजन होऊन संवत्सरफलाचे वाचन सुरू झाले, की राजा, मंत्री, सस्येश, मेघेश अशी ग्रहांची सबंध मंत्रिपरिषद आपापल्या खात्याचा कारभार हाती घेते आणि वर्षभराच्या पर्जन्याचा निकाल अर्ध्या घटकेत लावून टाकते. हवामान खाते मात्र स्वभावतःच भिडस्त असल्यामुळे चैत्रातल्या पावसाविषयी पुढल्या दोन-तीन दिवसांपुरतेच काय ते नेटाने बोलते, आणि तेही गावाचे नाव कटाक्षाने टाळून. आम्ही देवगिरी, खुलताबाद आणि वेरूळ असा एका दिवसाचा प्रवास योजला, त्याच्या आदल्याच सायंकाळी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यास पिवळा इशारा जाहीर झाला : तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, वाऱ्याचा वेग ताशी 30 ते 40 किलोमीटर.

आमचे मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणताही सरकारी कागद, मग तो आभाळाविषयी का असेना, त्यातील कलमांचा अन्वय लावल्यावाचून ते दाखल करून घेत नाहीत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मोबाइलवरील तो मजकूर दोनदा वाचला आणि निवाडा दिला :

“ह्यात मनाई कोठेही नाही. हिरवा म्हणजे निश्चिंत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि तांबडा म्हणजे कामाला लागा. लक्ष काय, आपण गडावरूनही ठेवू.”

“अहो, पण छत्री?” मामींनी विचारले.

“तुरळक ठिकाणी म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चतुर्थांश केंद्रांवर. आपला जिल्हा सुमारे 10,100 चौरस किलोमीटरांचा. एवढ्या मुलखात पावसाने नेमके तुझ्याच डोक्यावर यावे, असा तुझा काय हक्क लागून गेला आहे?”

मामींनी हक्काचा वाद न घालता छत्री पिशवीत घातली.

छावणी व नगर नाका मागे टाकून मोटार दौलताबादच्या रस्त्यास लागली, तेव्हा आभाळाने पिवळ्या इशाऱ्याची यत्किंचितही दखल घेतलेली दिसत नव्हती. विलायतेत वसंतातला पाऊस थंड व उष्ण हवेच्या आघाड्यांबरोबर येतो; एक आघाडी पश्चिमेकडून आली, भिजवून पूर्वेस रवाना झाली, की दुसरीची वेळ सांगता येते, आणि त्यामुळे तेथील हवामानतज्ज्ञास घड्याळाशी थोडी सलगी करता येते. मराठवाड्यात असला शिस्तीचा मामला नाही. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान अशी मजल-दरमजल करीत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचे मुख्य काम हिमालयात असते. त्याच्या द्रोणीचे टोक कधी दक्षिणेस उतरते, कधी उतरतही नाही, पण उत्तरेचे कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागरावरचे बाष्प ह्या प्रांतावर समोरासमोर आले आणि दुपारपर्यंत तापलेल्या जमिनीने ते बाष्प सरळ वर फेकले, म्हणजे जो ढग उभा राहतो, तो कोणत्या शिवारावर कोसळणार हे त्या ढगासही सकाळी ठाऊक नसते. 2014 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चात हे सारे योग दिवसेंदिवस जुळत राहिले आणि गहू, हरभरा, द्राक्षे, मोसंबी गारांखाली आडवी झाली. त्या वेळी मामा बांधाबांधावर पंचनामे करीत हिंडत होते. एरवी प्रत्येक विषयावर विनोद करणारा हा मनुष्य त्या पंधरवड्याविषयी विनोद करीत नाही.

देवगिरीची अंधारी वाट हे हवामानाच्या दृष्टीने फार निर्वेध स्थळ आहे, कारण तेथे बाहेर ऊन असो वा प्रलय, आत काळोख आणि वटवाघळांचा दर्प ह्यांत कधीच बदल संभवत नाही. धापा टाकीत बारादरी गाठली, तेव्हा आम्ही उन्हात भाजत होतो आणि दूर वेरुळाच्या डोंगरावर पावसाचा करडा पडदा उतरत होता. “ते पाहा तुरळक ठिकाण,” मामा समाधानाने म्हणाले. मग 1327 साली दिल्लीहून राजधानी येथे आणून पुढे परत नेणाऱ्या महंमद तुघलकाची निंदा ओघानेच निघाली. वस्तुतः हवामान खात्याने 1875 साली कलकत्त्यास दफ्तर मांडले, 1905 साली ते सिमल्यास नेले, 1928 साली पुण्यास आणले आणि 1944 साली दिल्लीस हलविले. तरी लहरीपणाची तोहमत अद्याप एकट्या तुघलकावरच आहे.

खुलताबादेस भद्रा मारुतीचे दर्शन घेतले. हा मारुती शयनमुद्रेत आहे. वायुपुत्र निजलेला आणि त्याचे तीर्थरूप बाहेर ताशी 40 किलोमीटरांच्या उमेदीने धूळ उडवीत असलेले, अशा स्थितीत आम्ही घाट उतरून वेरूळ गाठले आणि कैलास लेण्याच्या प्रांगणात पाऊल ठेवताच आभाळ फाटले. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या आठव्या शतकातील शिल्पकारांनी हे मंदिर शिखरापासून पायथ्याकडे, वरून खाली कोरीत आणले. पावसानेही तोच क्रम पाळला, प्रथम मामांचे टक्कल, नंतर चष्मा, मग सदरा आणि अखेरीस पायताणे. बाजूच्या ओवरीत आसरा घेईपर्यंत मामींची छत्री उघडलेली होती व त्या खाली कोरड्या होत्या.

“आता माझा हक्क लागला का?” त्यांनी विचारले.

मामांनी चष्मा पुशीत शहरात फोन लावला. तेथे लख्ख ऊन होते, टिपूसही पडला नव्हता. “म्हणजे खाते अक्षरशः बरोबर होते,” ते म्हणाले, आणि भिजलेला मनुष्य सरकारी खात्यास इतक्या निर्मळपणे दाद देताना मी प्रथमच पाहिला. माझेही मत तेच आहे. अंदाज साऱ्या जिल्ह्यास उद्देशून असतो, आणि आपण तो आपल्या नावचे खासगी पत्र समजून वाचतो.

वाचकांपैकी कोणी चैत्र-वैशाखात तिकडे निघणार असेल, तर एवढेच सांगणे : ह्या पावसाची वेळ बहुधा दुपारनंतरची असते, म्हणून लेणी सकाळीच पाहून घ्यावीत, विजा चमकत असता गडाच्या माथ्यावर किंवा झाडाखाली थांबू नये, आणि मंगळवारी मुळीच जाऊ नये, कारण त्या दिवशी आभाळ निरभ्र असले तरी वेरूळची लेणी बंद असतात.