बोट ठेवायला जागा

जुना लेथ घ्यायचा ठरला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात माणूस पैशाची जुळणी नंतर करतो, आधी अण्णांना गाठतो. अण्णा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. ते गल्लोगल्ली असतात. कुठं त्यांना मिस्त्री म्हणतात, कुठं मामा. जन्म लेथवर काढलेला, कारखाना मुलाच्या हाती सोपवलेला आणि तरी रोज सकाळी तिथं जाऊन मुलाला नकोसं करून सोडलेलं. दुसऱ्याचं मशीन तपासायला बोलावणं आलं की घरात सगळ्यांनाच हायसं वाटतं.

पिशवीत बॅटरी, मायक्रोमीटर आणि जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं डायल गेज. पिशवी कुणी धरू म्हटलं तरी अण्णा देत नाहीत. नातवंडं मात्र देतात कुणाच्याही हातात.

दलालाच्या शेडमध्ये लेथ हिरवागार उभा असतो. अण्णा दारातच थबकतात. "रंग मशीनला दिलायस का गिऱ्हाइकाला?" दलाल हसतो, चहा सांगतो. चहा यायच्या आत अण्णांचं बोट बेडवर पोचलेलं असतं, आणि तेही चकाजवळ, म्हणजे जॉब धरतात तिथं. नवखा माणूस बेडचं मागलं टोक बघून खूश होतो, कारण टेलस्टॉकच्या त्या बाजूला कंपनीतल्या स्क्रेपिंगच्या खुणासुद्धा शाबूत असतात. पण बहुतेक कामं आखूड. टूल वाहणारी कॅरेज जन्मभर चकापुढच्या हातभर जागेत ये-जा करते आणि बेड तिथंच खाल्ला जातो, म्हणजे झिजतो. ज्या कडेवरून कॅरेज जात नाही, ती मूळ उंचीला राहते. तिच्यावरून नख आत ओढलं की पायरी लागते. अण्णांचं नख अडलं की दलालाचे दहा हजार गेले म्हणून समजावं.

मग चकाजवळ कॅरेजचं लॉक जेमतेम सरकण्याइतपत आवळायचं आणि हँडल फिरवत कॅरेज टेलस्टॉककडे न्यायची. अर्ध्या वाटेत ती रुतते. "बघ, हितं खाल्लंय, तितं न्हाई."

एवढ्यात गिऱ्हाइकाचा डिप्लोमा झालेला मुलगा क्रॉस स्लाइडचं हँडल हलवून ओरडतो, "अण्णा, पाव फेरा रिकामाच फिरतोय!" अण्णा त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. "नट गनमेटलचं असतंय, ते नवं टाकायचं. पायताण झिजलं म्हणून पाय कापतोस व्हय रे?" हे मात्र खरं आहे. नट, स्क्रू, पट्ट्या बदलता येतात. बेड ग्राइंडिंगला गेला की कॅरेज खाली उतरते, लीड स्क्रूशी तिचा मेळ चुकतो आणि एका दुरुस्तीतून चार निघतात.

हेडस्टॉकची पाळी आली की चकात सळई धरून तिच्याखाली लाकडी फळी घालून उचलायची आणि डायलचा काटा किती हलतो ते बघायचं. गिअरचा आवाज फार गोड येत असेल तर अण्णांचा चेहरा पडतो. ऑइलमध्ये बोट बुडवून ते चिमटीत चोळतात. जाड ऑइल ओतलं की खडखडणारी गिअरबॉक्स गिऱ्हाईक जाईपर्यंत गप्प बसते, हे त्यांना ठाऊक असतं. कारण त्यांनीही दोन मशिनं विकलेली असतात.

"आधी कुठं होता?" हा त्यांचा आवडता प्रश्न. फाउंड्रीवाल्याकडचा असेल तर कास्टिंगची वाळू बेडवर पडून पॉलिश पेपरचं काम झालेलं. शाळा-कॉलेजातला असेल तर झीज कमी, जखमा जास्त. पोरांनी कॅरेज चकावर आपटलेली. बटाल्याचा असला तर अण्णा मायेनं तपासतात, हरिहरचा किर्लोस्कर किंवा बंगळूरचा एचएमटी असला तर भक्तिभावानं. म्हैसूर किर्लोस्कर १९४१ची, एचएमटी १९५३ची. अण्णांच्या हिशेबी त्यानंतर जगात सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. दोष मात्र ते भेदभाव न करता काढतात.

शेवटी सहा इंची सळईवर एक हलका कट. दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावायचा. "पॉइंट झिरो थ्री," अण्णा दुखवट्याच्या आवाजात जाहीर करतात. गिऱ्हाईक मान खाली घालतं. त्याला करायचे असतात पंपाचे दोन इंची बुश, आणि तेवढ्याशा लांबीत हा फरक जवळपास दिसणारही नाही. पण ते त्याला कुणी विचारत नाही, अण्णा तर नाहीतच. लेथ न घेता सगळे समाधानानं घरी येतात. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक अण्णांना न कळवता दुसरीकडून लेथ आणतं.

ही सवय शेडपुरती राहिली असती तर बरं. डॉक्टरांनी गुडघ्यात झीज आहे म्हणून सांगितलं, तर अण्णा काळजी करायची सोडून विचारतात, "दोन्हीकडनं सारखी हाय का एकाच अंगाला?" एकाच अंगाला, आतल्या बाजूला, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर निदान बरोबर आल्याचा आनंद पसरला.

आता त्यांचा स्वतःचा लेथ. मुलगा त्याला हात लावत नाही, कारण चकाजवळ टूल खाली बसतं आणि जॉब जाडावतो. अण्णा तिथं आले की न बघता हँडल केसभर आत घेतात, पुढं गेले की सोडतात. जॉब शेवटपर्यंत एका मापाचा निघतो. हे बघून एकदा त्याच दलालानं गमतीनं विचारलं, "अण्णा, ह्यो द्यायचा का?" अण्णांनी सांगितलेली किंमत ऐकून त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि बेडवर, चकाजवळ, नख ओढलं.

"अण्णा, बेड खाल्लाय की."

"खाल्लेला न्हाई," अण्णा म्हणाले, "बसलाय."