साईडिंगवाले काकाजी

चंद्रपूर जिल्ह्यात चालत्या गाडीत कुणी दबक्या आवाजात "थांबव, थांबव" म्हणालं की सगळ्यांचे मोबाईल बाहेर निघतात. ताडोबाचा मुलूख आहे, वाघच दिसला असणार. काकाजी सोबत असतील तर मात्र मोबाईल खिशातच राहू द्यावा. रस्त्याच्या कडेला बाभळींची एक रांग, तिच्याखाली कमरेएवढा मातीचा उंचवटा, त्यावर दोन बकऱ्या. काकाजींचं बोट तिकडं.

"भराव पाह्य! ढाळ पाह्य, ढाळ! शंभर फुटाले एक फुटाच्या वर चढ नाही. बैलबंडीच्या रस्त्यासाठी कोणी एवढी मेहनत घेते का? सांग बरं?"

कुणी सांगत नाही. बकऱ्याही नाही.

एकदा वणीला लग्नाला निघालेली आख्खी गाडी त्यांनी अशी थांबवली. मे महिना, दुपारचे बारा, आत भरजरी साड्यांतल्या बाया. काकाजी मात्र डोक्यावर दुपट्टा गुंडाळून भरावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत हिंडले. आम्ही पोहोचलो तेव्हा मंगलाष्टकं आटोपून दुसरी पंगत बसत होती. काकू काही बोलायच्या आत काकाजीच म्हणाले, "लग्न अल्बममध्येबी पाहाता येते. हा भराव पुढच्या वर्षी राहते का?" राग येतो तो इथं. कारण पुढच्या वर्षी तो खरोखरच राहिला नाही. आता तिथं ओपनकास्ट खाणीतून काढलेल्या मातीचा, म्हणजे 'ओबी'चा, तीन मजली डोंगर उभा आहे.

प्रत्येक खानदानात असा एक जण असतोच. कुणाला गडकिल्ल्यांचं वेड, कुणाला वंशावळीचं, कुणाला जुन्या नाण्यांचं. आमच्या वाट्याला बंद पडलेल्या कोळसा खाणींच्या उखडलेल्या रेल्वेलाईनी आल्या. काकाजी कोळशाच्या साईडिंगवर लोडिंग बाबू म्हणून चिकटले तेव्हा खाण खाजगी कंपनीची होती. १९७३ साली कोळसा सरकारी झाला, पुढं ती वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सची, झाली, पाटी बदलली, साहेब बदलले, टेबल मात्र तेच राहिलं. रिकाम्या वॅगनी किती वाजता लागल्या, भरून किती वाजता निघाल्या, हे लिहिण्यात उमर गेली. वॅगन वेळेत भरून दिली नाही तर रेल्वे दंड लावते. त्या डॅमरेजची धास्ती रिटायर झाल्यावरही उतरलेली नाही. ताट वाढल्यावर दोन मिनिटांत पाटावर आला नाहीत तर आतून आवाज येतो, "चला बाप्पा, डॅमरेज लागून राह्यलं!" जावई नवीन होते तेव्हा त्यांना ही एखादी देण्याघेण्याची गोष्ट वाटली होती.

त्यांची हत्यारं एका जुन्या पितळी डब्यात असतात. पांढरे खडू, दात घासून टाकलेला ब्रश, आणि १६७६ मिलिमीटरवर लाल खूण केलेला टेप. १६७६ म्हणजे ब्रॉडगेज, ७६२ म्हणजे सातपुड्यातली छोटी गाडी. मधलं काही निघालं तर काकाजींचा बीपी वाढतो. खडू कशाला, ते पाहण्यासारखं आहे. रेल्वेनं टाकून दिलेले रूळ गावोगावी गोठ्याचे खांब झालेत, पडवीच्या तुळया झालेत, विहिरीवर आडवे पडलेत. रुळाच्या उभ्या पोटावर कारखान्याचं नाव आणि साल उठावदार अक्षरांत उमटवलेलं असतं, पण शंभर वर्षांचा गंज आणि चार हात ऑइलपेंट यांच्याखाली ते दिसत नाही. काकाजी आधी ब्रशनं झाडतात. मग खडू आडवा धरून, अजिबात जोर न देता, लांबच लांब फिरवतात. प्रथम नुसता गंज. मग एक पांढरी रेघ, एक गोल, एक अर्धं अक्षर. मग आकडे: १, ८, ९ आणि चौथा आकडा नेमका बोल्टाच्या भोकात गेलेला. तो रूळ १८९१ चा की १८९८ चा, या विचारात काकाजी त्या रात्री गच्चीवर येरझारा घालत होते. शेजाऱ्यांना वाटलं घरात कुणी आजारी आहे.

गोठ्याच्या मालकाची अवस्था निराळीच असते. पांढऱ्या सदऱ्यातला एक अनोळखी म्हातारा येतो, खांबाजवळ उकिडवा बसतो, टेप लावतो, वहीत लिहितो आणि विचारतो, "हा रूळ तुमच्याकडं आला कसा?" रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा एक खास कायदा आहे आणि खेड्यात इतर कुठला कायदा माहीत नसला तरी हा माहीत असतो. एका गृहस्थांनी हात जोडून सांगितलं की गोठा आज्याच्या काळचा आहे, आजा वारला आहे, आणि ज्या म्हशीसाठी तो बांधला तीही वारली आहे. काकाजींनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. म्हशीसकट.

पण खरी बहार पटवाऱ्याकडं. गावाचा नकाशा पसरला की सगळी शेतं दिसतात चौकोनी, तिरपी, कशीही, आणि त्यांच्या मधून एक चिंचोळा गट सावकाश वळत गेलेला. एवढी अरुंद, एवढी लांब जमीन कोणता कास्तकार घेईल? नांगर वळवायला जागा नाही. मालगाडीला मात्र असंच वळण लागतं. "मालगाडीले लाडानं वळवा लागते," हे काकाजींचं लाडकं वाक्य. रूळ उचलले, स्लीपर चुलीत गेले, खडी रस्त्याला गेली, तरी सातबारात ती लाईन कधीकधी जिवंत असते. तर असाच एक गट सापडला म्हणून काकाजी एका गावी गेले, बरोबर नकाशा, टेप आणि ड्रोनवाला एक पोरगा. दुपारपर्यंत गावभर झालं की वेकोलिचे लोक सर्व्हेला आलेत, जमीन जाणार. सरपंचांच्या घरून चहा आला. मग पोहे आले. मग सातबारे हातात घेऊन माणसं आली. "साहेब, एकरी काय भाव बसते? पोट्ट्याले नोकरी भेटन ना?" काकाजी घसा फोडून सांगत होते की मी येणाऱ्या खाणीचा नाही, गेलेल्या खाणीचा माणूस आहे. कोण ऐकतो? गेलेल्या खाणीसाठी कुणी पदरचं पेट्रोल जाळून येतो, हे पटण्यासारखं तरी आहे का? आठवड्यानं परत गेलो तर भरावाच्या दोन्ही अंगांना सागाची रोपं लागलेली, आणि एकानं विहीर खणायला घेतलेली. मोबदल्यात झाडं आणि विहीर मोजतात, एवढं ज्ञान या पट्ट्यात शाळकरी पोरालाही असतं. त्या विहिरीला पाणी लागलं म्हणतात. काकाजींच्या संशोधनाचा गावाला झालेला हा एकमेव रोख फायदा.

त्यांच्यासोबत रेल्वेनं जाणं त्याहून सोपं नाही. वर्ध्याहून गाडी दक्षिणेकडं वळली की ते दारात उभे. डब्यातले लोक चेन्नईला निघालेले असतात, त्यांना वाटतं आपण दिल्ली–चेन्नई लाईनवर आहोत. काकाजी त्यांचा गैरसमज दूर करतात. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली, इंजिनांना कोळसा हवा, आणि मुंबईकडं तर विलायतेचा कोळसा जहाजानं यायचा. मग वरोऱ्याला सरकारनं स्वतः खाण काढली आणि तिच्यासाठी १८७० च्या दशकात वर्धा ते वरोरा लाईन टाकली. नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. वरोऱ्याची ती खाण १९०६ मध्ये बंद झाली. लाईन मात्र पुढं बल्लारपूरकडं सरकली, काझीपेठेला जाऊन भिडली, आणि १९२९ पासून ग्रँड ट्रंक एक्सप्रेस धावू लागली. "म्हणजे तुम्ही आत्ता बसले आहा कोळशाच्या लाईनीवर!" असं म्हणून ते समोरच्या तमिळ कुटुंबाकडं पाहतात. त्या कुटुंबातले आजोबा नम्रपणे मान हलवतात आणि डबा उघडून इडली पुढं करतात. वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, याबद्दल काकाजींची तक्रार नाही. बाबा आमट्यांचं काम थोरच. पण स्टेशन कशापायी झालं तेही कुणी विचारावं, एवढीच त्यांची अपेक्षा.

मुलगी इंग्लंडात न्यूकॅसलला असते. तिनं आईवडिलांना बोलावलं, लंडन आणि एडिनबराचे बेत आखले. काकाजींनी तिसऱ्याच दिवशी शोध लावला की आपण कोळशाच्या लाईनींच्या माहेरी आलो आहोत. तिथून जवळ कॉझी आर्च नावाची दगडी कमान आहे, १७२५–२६ मध्ये बांधलेली. जवळपास शंभर फुटांचा गाळा, वरून लाकडी रुळांवर घोडे कोळशाच्या गाड्या ओढायचे. इंजिनाचा पत्ता नव्हता. जगातला उभा असलेला हा सर्वांत जुना रेल्वेपूल मानतात. काकाजींनी कमानीखाली उभं राहून हिशेब केला: बाजीराव पेशवा झाले होते, पालखेडची लढाई व्हायची होती. बांधणाऱ्या गवंड्याचं नाव राल्फ वुड. आपली कमान पडेल या भीतीनं त्यानं ती पुरी व्हायच्या आत वरून उडी टाकून जीव दिला, अशी आख्यायिका आहे. कमान तीनशे वर्षं उभी आहे. हे ऐकून काकाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडं पूल पडते अन् ठेकेदार तंदुरुस्त राह्यते."

तिथल्या जुन्या लाईनींवर आता पायवाटा आहेत. माणसं कुत्री फिरवतात, सायकली हाकतात, बाकं आहेत, माहितीचे फलक आहेत. नकाशावर तुटक रेघेशेजारी 'मोडलेली रेल्वे' असं छापलेलं असतं. काकाजी ते नकाशेच घेऊन आले, चॉकलेटं राहिली. नातवंडांनी वर्षभर बोलणं टाकलं. त्यांचं स्वतःचं म्हणणं मात्र त्या दौऱ्यात पक्कं झालं. विलायतेतली शेवटची मोठी खोल खाण, यॉर्कशरमधली केलिंगली, २०१५ मध्ये बंद झाली. "त्यायची खाण मेली म्हणून त्यायले तिची आठवण येते. आपली अजून जित्ती आहे, ते सोताचीच आठवण खाऊन राह्यली." हे त्यांनी काकूंना विमानात सांगितलं. काकू झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

काकूंचा मुद्दा साधा आहे: घर की भंगाराचं दुकान? दाराला अडसर म्हणून रूळ जोडायची फिशप्लेट, दोरी बांधायला स्लीपरचे खिळे, तुळशीजवळ हद्दीचा दगड. पण एक सांगितलं पाहिजे. आंब्याच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून जी फिशप्लेट असते, ती काकू दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. "तिच्याएवढं बरोबर वजन नाही कशाचं," म्हणतात.

या छंदाचे जिल्ह्यात आणखी तीन भिडू आहेत: एक रिटायर गार्ड, एक भूगोलाचे मास्तर आणि तो ड्रोनवाला पोरगा. रविवारी सकाळी तर्रीपोह्याच्या ठेल्यावर चौघं बसतात आणि भांडतात. एका बंद खाणीची साईडिंग विहिरीच्या अल्याडून जायची की पल्याडून, हे भांडण त्यांनी पावसाळाभर पुरवलं. मास्तर सर्व्हे ऑफ इंडियाची ५६ एम ही शीट आपटायचे, गार्डसाहेब स्वतःची नोकरी आपटायचे. शेवटी चौघे मिळून प्रत्यक्ष गेले. तिथं एक म्हातारी शेण थापत बसली होती. तिनं चौघांचं सगळं ऐकून घेतलं आणि हात न धुता सांगितलं, "अल्याडूनच. आम्ही बाया वॅगनीतून सांडलेला कोयसा वेचत होतो. चौकीदार पल्याडून ये, म्हणून आम्ही विहिरीच्या आडोशाले राहो. दुपारच्या पायलटनं शिट्टी देल्ली का घरी जाऊन चूल पेटवो."

पायलट म्हणजे रिकामे डबे आणून भरलेले नेणारं इंजिन. त्याची वेळ काकाजींनी आयुष्यभर रजिस्टरात लिहिली होती. त्या वेळेवर कुणाच्या घरी चूल पेटायची, हे कोणत्याच रजिस्टरात नव्हतं. त्यांनी खिशातून वही काढली, जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाले, "आजी, पह्यलेपासून सांगा." मास्तरांनी शीट गुंडाळून ठेवली. तेव्हापासून काकाजी कुठल्याही गावात आधी पटवाऱ्याकडं जात नाहीत, आधी म्हाताऱ्या बायांकडं जातात. चहाही तिथंच बरा मिळतो.

तर वाचकहो, विनंती एवढीच. तुमच्या गोठ्याला, पडवीला किंवा विहिरीला जुना रूळ असेल, तर भंगारवाल्याला बोलवण्याआधी त्याच्या पोटावर एकदा खडू आडवा फिरवा. जे उमटेल त्याचा फोटो काढा, आणि तो रूळ कुठून आला हे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवा. काकाजींना मात्र सवड असेल तेव्हाच कळवा. ते लगेच येतात आणि जेवल्याशिवाय जात नाहीत.