चाकांवरचं घर

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घर चाकांवर घालून हिंडा, म्हणे. पोहरादेवीच्या यात्रेत एका बंजारा बाबांना ही नवलाई सांगितली, तर ते मिशीत हसले. "आमचा अख्खा तांडाच हिंडायचा की! बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य अन् संसार."

बाबांना कोण समजावणार? त्या हिंडण्यात वातानुकूलन नव्हतं, म्हणून त्याला पर्यटन म्हणत नसत.

आता असं गाडीघर घेऊन कोळशाची खाण बघायला निघावं म्हटलं, तर आमच्या वाशिमात कोळसा नाही. तो बघायचा तर वरोऱ्याकडे जावं. तिथली सरकारी खाण 1871 मध्ये सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. त्याच 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदाही केला. हिशेब सोपा होता: जमिनीखाली उकरतो तो सरकार, जमिनीवर हिंडतो तो चोर. पुढे या कायद्याच्या जाळ्यात बंजारेही आले. आता खाणीत उतरणं हेही पर्यटन झालंय. सावनेरला तिकीट काढून उतरवतात.

तेव्हा हौशी मंडळींनी खुशाल निघावं. कारंजाजवळ समृद्धी महामार्गावर चढा, वर्धेच्या बाजूला उतरा, तिथून वरोरा गाठा. गाडीघर असेल तरच, बरं का. बैलांना त्या रस्त्यावर प्रवेश नाही.