माळ्यावरच्या यंत्रांची चौकशी

स्वयंपाकघर आवरायला घेण्यापूर्वी एक गोष्ट मान्य करून टाकावी, म्हणजे पुढचा मनस्ताप वाचतो: राज्ये आवरणे त्यामानाने सोपे असते. नागपूर आणि रायपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात नांदत होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. २००० साली, पुन्हा १ नोव्हेंबरलाच, छत्तीसगड वेगळे निघाले. सीमा हलल्या, कचेऱ्या हलल्या, फायलींचे गठ्ठे हलले. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घराच्या माळ्यावरचे पुरणयंत्र तेवढे जागचे हलले नाही. उलट दरम्यानच्या काळात त्याच्या उरावर सँडविच टोस्टर, विजेवर पोळ्या करणारे यंत्र, एअर फ्रायर आणि ‘जरासा दुरुस्त केला की चालेल’ या जातीचा मिक्सर येऊन बसले. शेजारी या माळ्याला टांड म्हणतात. नाव बदलल्याने वजन कमी होत नाही. ही मार्गदर्शिका त्या वजनाविषयी आहे.

प्रचलित पद्धती दोन, आणि दोन्ही बाद. पहिली जपानच्या मारी कोंदो यांची: वस्तू हातात घ्यावी, आनंद झाला तर ठेवावी. पोळ्यांचे यंत्र खोक्यातून काढले तेव्हा घरभर आनंद झाला होता, हे कोणीही नाकारणार नाही. दुःख पहिल्या पोळीपासून सुरू झाले. शिवाय तीन मुले झाल्यावर घर आवरणे आपणही बरेचसे सोडून दिले आहे, असे खुद्द कोंदोबाईंनी २०२३ साली सांगून टाकले, तेव्हा त्या दाराशी आणखी थांबण्यात अर्थ नाही. दुसरी पद्धत हिशेबनिसाची: वर्षभरात जे वापरले नाही किंवा एकदाच वापरले ते काढावे. हिने चकलीचा सोऱ्या पहिल्या फेरीतच बाहेर जातो, आणि रोज सकाळी ब्रेड भाजणारा टोस्टर सन्मानाने राहतो, ज्याचे सगळे काम तवा करू शकतो. वापर मोजून योग्यता कळत नाही. नाही तर रायपुरातून स्वेटरही काढावे लागतील.

म्हणून येथे तिसरी कसोटी सुचवली आहे: पदार्थाची साक्ष. यंत्र ओट्यावर ठेवावे आणि एकच प्रश्न विचारावा, की हे उद्या नाहीसे झाले तर घरातून कोणता पदार्थ नाहीसा होईल? पदार्थाचे नाव सांगता आले तर यंत्र निर्दोष. ‘तसे काही नाही, पण सोय होते’ असे उत्तर आले तर प्रकरण पुढच्या चौकशीसाठी राखून ठेवावे. सोऱ्या नाही तर चकली नाही, इतके सरळ उत्तर वर्षाचे तीनशेसाठ दिवस निजून राहणारे ते पितळी नळकांडे देते. आप्पेपात्र आप्प्यांच्या जिवावर सुटते. मोदकपात्राची बाजू तर रायपुरात पुण्यापेक्षाही भक्कम आहे, कारण तेथे ते चतुर्थीची वाट पाहत बसते, तर येथे शेजारणीकडून शिकलेला फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वळकटीसारखे वळे, त्याच वाफेवर बारा महिने शिजतो. तव्याला साक्षीदार इतके, की उभे करायला जागा पुरणार नाही: पोळी, थालीपीठ, धिरडे, आणि धिरड्याचा छत्तीसगडी चुलतभाऊ चीला. आता पोळ्यांच्या यंत्राला बोलवावे. घडीची पोळी सुटते ती घडीमुळे, तेलाचे बोट लावून दुमडलेल्या पदरांमुळे. यंत्र गोळा दाबून चपटा करते. पदर त्याला ठाऊक नाहीत आणि नीट मळलेली कणीक दाब सुटताच पुन्हा आक्रसते. त्यातून जे निघते त्याला यंत्राच्या पुस्तिकेत रोटी म्हटले आहे, घरात काहीच म्हणत नाहीत. यंत्र गेले तर पदार्थ जात नाही, कारण पदार्थ कधी आलेलाच नव्हता.

कसोटी लावता लावता एक चमत्कारिक गोष्ट उघडी पडते, आणि तिच्यावर थोडे रेंगाळायला हवे. पदार्थ जितका अवघड, तितके त्याला यंत्र कमी लागते. अनारसा घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, कुटायचे, गुळात मुरवायचे, आणि मग कढईत तो हसला तर हसला. छत्तीसगडात याचाच भाऊबंद अइरसा सणासुदीला होतो. दोघांनाही बोटे, खसखस किंवा तीळ आणि झारा यांपलीकडे काही लागत नाही. तीजा-पोळ्याच्या सणांची ठेठरी बेसनाची. चकलीशी नाते सांगणारी, पण सोऱ्याशिवाय, नुसती हाताने वळून केलेली. उलट सगळ्यात जास्त यंत्रे आहेत ती ज्याला काही कौशल्यच लागत नाही अशा कामांसाठी: अंडे उकडणे, ब्रेड भाजणे, लिंबू पिळणे. आवश्यक साधनांची यादी हवीच असेल तर ती पोळ्याच्या आधी कुंभार बाजारात मांडून बसतो. मुलांसाठी मातीचा नांदिया बैल आणि मुलींसाठी मातीची चूल, जाते, चार मडकी. आपल्या भातुकलीचेच हे रूप. शतकानुशतके गाळून उरलेली ही यादी. तिच्यात अजून कोणी मातीचा एअर फ्रायर घातलेला नाही. (मुलींनाच चूल का, हा प्रश्न रास्त आहे, पुढे येतोच आहे.)

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पदार्थाचीच साक्ष मानायची तर मिक्सर सुद्धा बाद होईल, कारण चटणी पाट्यावरही वाटता येते. कुकर बाद होईल, कारण तुरीची डाळ गंजातही शिजते. आणि शेवटी अंगणात जाते परत येईल. या आक्षेपासाठी कसोटीला पोटकलम जोडावे लागते: ‘कोणाच्या हाताने?’ पाटा-वरवंट्याचे गुणगान करणारा आवाज बहुधा दिवाणखान्यातून येतो. मिक्सर गेला तर चटणी तात्त्विकदृष्ट्या उरते, प्रत्यक्षात ताटातून उठते, कारण रोज सकाळी पाट्याशी बसायला कोणी तयार नाही, आणि कोणी का व्हावे? १९६३ साली सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर काढला तो याच पेचातून. घरातले परदेशी यंत्र देशी वाटणापुढे टेकीस आले होते, आणि हळकुंडाशी झुंजेल अशा मोटरची गरज होती. म्हणून मिक्सर राहतो. कुकर राहतो, कारण आतली वाफ पाण्याला शंभर अंशांवरून एकशेवीसच्या आसपास नेते आणि डाळ तासाऐवजी चार शिट्ट्यांत शिजते. पण यावरून ‘यंत्राने बाईचा वेळ वाचतो’ असा सरसकट निष्कर्ष काढू नये. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ सालच्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवून दिले, की औद्योगिक काळातल्या घरगुती यंत्रांनी लाकूड फोडणे, धान्य कांडणे अशी पुरुषांची आणि मुलांची कामे काढून घेतली आणि आईची वाढवली. लोखंडी शेगडी आली तशी जेवणात एकाऐवजी तीन पदार्थ अपेक्षित झाले. फूड प्रोसेसर आला की कोशिंबिरीबरोबर सॅलडही लागते, आणि त्याचे सात भाग धुणारी व्यक्ती तो ऑनलाइन मागवणाऱ्या व्यक्तीपेक्षा निराळी असते. म्हणून पोटकलमाचा व्यवहारातला अर्थ असा: विकत घेणाऱ्याने ते यंत्र सलग एक महिना स्वतः धुवावे, महिन्याअखेर यंत्राविषयीचे त्याचे मत अंतिम मानावे.

मायक्रोवेव्हचे प्रकरण रायपुरात खास विचाराचे. रेडारवर काम करताना पर्सी स्पेन्सर या अमेरिकन अभियंत्याला १९४५ च्या सुमारास त्याची युक्ती सापडली. आपल्याकडे त्याचे मुख्य काम कालचा भात गरम करणे. पण छत्तीसगडाने कालच्या भाताचा प्रश्न उलट्या दिशेने सोडवून ठेवला आहे. भातात पाणी घालावे. ताजा भात भिजवला तर बोरे, रात्रभर ठेवला तर बासी. सोबत मीठ, कांदा, हिरवी मिरची, एखादी चटणी. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेल्यावर भात गरम करण्याची इच्छाच मुळात तपासून घ्यायला हवी. २०२२ साली तर छत्तीसगड सरकारने १ मे रोजी, कामगार दिनाला, बोरे-बासी खाण्याचे जाहीर आवाहन केले. दही-भात मानणाऱ्या मराठी जिभेला हे फार परके वाटू नये. तरीही ज्या घरात चार माणसे चार वेळांना जेवतात तेथे मायक्रोवेव्हला जामीन द्यावा, सुटका नव्हे. एअर फ्रायर म्हणजे पंखा बसवलेली छोटी भट्टी; त्याने तळण कमी होते हे खरे, पण तळण तळण न करूनही कमी होते, आणि त्याला प्लग लागत नाही.

दुसरा आक्षेप सुधारकांचा: वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तू घरोघरी कशाला? चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात दोन पुरणयंत्रे ठेवावीत, आळीपाळीने न्यावीत. कल्पना उदात्त आहे आणि होळीच्या सकाळी नऊ वाजता कोसळेल. पुरणयंत्र वर्षातून दोनदाच लागते, पण सगळ्यांना त्याच दोन दिवशी, त्याच तासाला. वीज मंडळ आपली क्षमता सरासरी मागणीवर ठरवत नाही. ज्या रात्री गावातले सगळे कूलर एकदम लागतात त्या रात्रीवर ठरवते. म्हणून नियम वाटतो त्याच्या अगदी उलटा निघतो. सणाची वस्तू ज्याची त्याने बाळगावी. केकची भट्टी, आइस्क्रीमचे भांडे, पन्नास माणसांचा गंज यांना मुहूर्त नसतो, त्या वस्तू खुशाल सामाईक ठेवाव्यात.

‘लागेल कधीतरी’ हा आक्षेप नाही, श्वासोच्छ्वास आहे; त्याला उत्तर देत बसू नये. आहेरात आलेल्या वस्तूंचे मात्र नाजूक असते. देणाऱ्याच्या पुढच्या भेटीपर्यंत त्या ठेवाव्यात आणि भेटीच्या वेळी ओट्यावर दिसतील अशा मांडाव्यात. नंतर त्यांच्यावर कोणाचा हक्क राहत नाही. झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणे यांची लग्ने जुळवण्यात दुपार घालवू नये, पत्रिका जुळत नाहीत हे वीस वर्षांत सिद्ध झाले आहे. विल्हेवाटीसाठी बोहारणीला बोलावणे ही घोर चूक: ती जुने कपडे नेते आणि भांडी देऊन जाते. पितळ, ॲल्युमिनियम कबाडी वजनावर घेतो. विजेची यंत्रे मात्र त्याच्या हातगाडीवर चढवू नयेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवा.

राहता राहिला मुहूर्त. चौकशी पोळ्याच्या दिवशी करावी. मराठी पंचांगात ती श्रावण अमावास्या, शेजाऱ्यांच्या पंचांगात भाद्रपद अमावास्या. दिवस एकच, त्यामुळे ‘आमच्यात या महिन्यात घरातून काही काढत नाहीत’ ही सबब दोन्हीकडून एकदम चालत नाही. त्या दिवशी पुरणयंत्र माळ्यावरून उतरलेलेच असते आणि शिडीही लागलेली असते. मोकळा झालेला माळा साधारण सत्तावन्न दिवस मोकळा राहतो, कारण सत्तावन्नाव्या दिवशी धनतेरस येते आणि त्या संध्याकाळी गोलबाजारात भांडे न घेता परतणे अशुभ असते. २०२० सारखा अधिक आश्विन मध्ये पडला तर आणखी महिनाभराची सवलत मिळते. शास्त्रात भांडे घ्यावे एवढेच सांगितले आहे, आकार सांगितलेला नाही. चमचा हेही भांडेच. दुकानदाराने एकावर पाच फुकट देऊ केले तर एकच घेऊन मागे न पाहता निघावे.