बँडविड्थराव

विलायतेतल्या मराठी गोतावळ्यात, मग तो हॅरोचा असो, स्लाउचा असो की मिल्टन कीन्सचा, एक बँडविड्थराव हमखास सापडतो. वय पन्नाशीकडे झुकलेलं, नोकरी आयटीतली. पण मॅनेजर झाल्यापासून हाताशी यंत्र असं उरलेलं नाही. उरलाय तो घरचा राउटर. इंटरनेट कंपनीनं फुकट दिलेला डबा रावांनी पहिल्याच आठवड्यात माळ्यावर टाकला आणि स्वतःचा आणून त्यात ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर घातलं.

पाहुणा दारात बूट काढतोय तोच राव विचारतात, "तुमच्याकडे लाइन किती येते?" पाहुणा भाबडेपणानं "फायबर आहे" म्हणाला की संपलंच. "फायबर कोपऱ्यावरच्या हिरव्या पेटीपर्यंत! पुढं तीच जुनी तांब्याची तार. खाली ८० मेगाबिट, वर २०, तेही पेटी जवळ असेल तर."

रावांच्या मते वेग गौण, खरी गोष्ट रांग. लेकीनं नाचाचा व्हिडिओ वर चढवायला घेतला की २० ची वाट भरते, मोडेममध्ये रांग तुंबते आणि वहिनींची ऑफिसची मीटिंग त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहते. म्हणून वाट २० ची असली तरी राउटरला १८ च सांगायचे. मग रांग मोडेमऐवजी राउटरात लागते, आणि तिथं सत्ता रावांची. (ऐपत आहे त्याहून जरा कमी सांगायची, हे त्यांना शिकवावं लागलं नसणार, राव सदाशिव पेठेतले.)

कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली अशा तुंबलेल्या रांगा आवरायची रीत मांडली. रावांच्या देवघरात त्यांचे फोटो नाहीत, एवढंच. त्याच घराण्यातलं पुढचं अपत्य म्हणजे केक. "मी आता केक टाकलाय," असं राव म्हणाले की सगळ्यांच्या नजरा ओव्हनकडे वळतात आणि एखादी मावशी "बिनअंड्याचा ना?" म्हणून खात्री करून घेते.

गंमत म्हणजे हाच माणूस कॉलेजात असताना स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा. इतकी वर्षं इंग्रजांच्या रांगांत उभं राहून सुधारला म्हणावं, तर घरात रुमाल चालूच आहे. फक्त आता तो सासूबाईंच्या नावानं पडतो. फ्रिजवर यादीच लावलेली आहे: पहिला मान त्यांच्या पुण्याहून येणाऱ्या व्हिडिओ कॉलला, मग वहिनींची मीटिंग, मग मालिका, शेवटी मुलाचा गेम. मुलगा कधीच मोबाइल डेटावर वेगळा निघालाय. राव मात्र त्याची लाइन अजून आवळतच असतात.

रविवारी पुण्यात रात्रीचे आठ, म्हणजे इथले दुपारचे साडेतीन. त्यांच्या कॉलच्या त्या वेळेपुरती सगळी वाट सासूबाईंना मोकळी, असं राउटरला घड्याळ लावून सांगितलेलं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागं गेली. सासूबाईंचे आठ ते आठच! फोन अडीचला वाजला, नेमका लेकीचा नाच वर चढत असताना.

"अहो, आई अडकलीय!"

राव जिन्याखालच्या कपाटाकडे धावले. थोड्याच वेळात चित्र लख्ख झालं. पडद्यावर सासूबाईंचा कान होता. व्हिडिओ कॉलसुद्धा त्या कानालाच लावतात. कुडीतला मोती न् मोती मोजून घ्यावा.

"बघ, जिटर शून्य!" राव म्हणाले.

"जावईबापू," पलीकडून आवाज आला, "तुमच्याकडचे दिवे गेलेत का हो? मला काहीच दिसत नाहीये."